एका गोळीचं कारण

माझा धाकटा भाऊ हदगावला जळालेल्या मोटारी भरून द्यायचा. विहिरीवरच्या, बोअरच्या, पिठाच्या गिरणीच्या मोटारी लोक त्याच्या दुकानापुढे आणून टाकत. तो पोत्यावर मांडी घालून आतली काळी पडलेली तांब्याची तार उपसून काढायचा आणि नव्या तारेचे वेढे भरायचा. रब्बीत विजेचा दाब कमीजास्त झाला की त्याच्याकडे रांग लागायची. हातात घेतलेली मोटार फिरल्याशिवाय तो जेवायला उठत नसे. दारू नाही, तंबाखू नाही. आमचं गळ्यात लिंग असलेलं लिंगायत घर, पण त्याच्या बाबतीत ते नुसतं घराचं वळण नव्हतं. त्याला कसली तल्लफच नव्हती. चहासुद्धा तो अर्धा कप सोडून द्यायचा.

हे आधी सांगते, कारण त्याचं लिव्हर खराब झाल्याचं कळल्यावर गावातल्या बहुतेकांनी एकच अंदाज केला. भेटायला येणारे दारातून आत येताना हळहळत, आणि बाहेर पडताना एकमेकांकडे बघून मान हलवत. माझी भावजय ते बघायची. तिनं किती जणांना शपथेवर सांगितलं असेल की ह्यांनी कधी थेंब घेतला नाही. लोक हो हो म्हणायचे.

मी त्याच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. लातूरला राहते, जवळच्या एका आरोग्य केंद्रात सिस्टर आहे. त्याची मुलगी नववीपासून आमच्याकडेच होती, लातूरच्या क्लासला. एका रविवारी तिच्याशी बोलायला त्यानं फोन केला आणि शेवटी मला म्हणाला, "अक्का, पॅन्टचं हुक लागून नाही राहिलं. जेवण तर कमी झालं, मग पोट काऊन वाढून राहिलं?" तो हसत होता. मी हसले नाही. पोटात पाणी झालेली माणसं मी रोज बघत होते.

नांदेडच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी केली आणि सांगितलं की लिव्हर आक्रसलंय. कारण नेमकं सापडलं नाही. चरबीमुळे असेल, शरीरच आपल्या लिव्हरवर उलटलं असेल, असं ते म्हणाले. पुढची दोन वर्षं पोटातलं पाणी काढणं, पुन्हा भरणं, पुन्हा काढणं, यात गेली. एकदा रक्ताची उलटी झाली. मग एक दिवस भावजयीचा फोन आला की ते दुकानात बसून रडत आहेत. मी नांदेडमार्गे हदगाव गाठलं. तो अर्धी भरलेली मोटार पुढ्यात घेऊन बसला होता. वेढे किती झाले ते त्याला आठवत नव्हतं. पुन्हा पहिल्यापासून मोजायचा आणि मध्येच विसरायचा. लिव्हरनं रक्तातली घाण साफ करणं सोडलं की ती मेंदूला चढते, हे मला पुस्तकातून माहीत होतं. माझ्या भावाच्या बोटांत ते पहिल्यांदा बघितलं.

हैदराबादला नेलं. तिथल्या मोठ्या दवाखान्यात सांगितलं की आता लिव्हर बदलण्याशिवाय इलाज नाही. मेलेल्या माणसाचं मिळण्याची यादी मोठी आहे आणि याच्याकडे तेवढा वेळ नाही, घरातलंच कुणी तयार असेल तर बघा. माय सत्तरीच्या पुढची. भावजयीचा रक्तगट जुळत नव्हता. मुलगी सतरा वर्षांची, मुलगा नववीत. राहिले मी. माझा गट जुळला. माझ्या नवऱ्यानं दोन दिवस काही उत्तर दिलं नाही. तिसऱ्या दिवशी कॉलेजातल्या नोकरीवरून आला, चपला न काढताच उंबऱ्यात उभा राहिला आणि म्हणाला की सही कुठं करायची ते दाखव.

तपासण्या आठवडाभर चालल्या. शेवटच्या दिवशी डॉक्टरांनी मला एकटीला आत बोलावलं. त्यांच्यासमोर माझ्या रक्ताचा रिपोर्ट होता आणि त्यातल्या एका ओळीखाली त्यांनी पेनानं रेघ मारली होती. मला कधी कावीळ झाली होती का, असं त्यांनी विचारलं.

झाली होती. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी किनवटकडच्या जंगलातल्या एका गावात उपकेंद्रावर होते. एका बाईचं बाळंतपण करताना, टाके घालून झाल्यावर, सुई माझ्याच बोटात गेली. तेव्हा आम्हाला कुणी लस दिलेली नव्हती, आणि सुई टोचली तर काय करायचं हेही धड कुणी शिकवलं नव्हतं. मी बोट पिळलं, धुतलं आणि कामाला लागले. दोन-अडीच महिन्यांनी लघवी पिवळीजर्द झाली, जेवणाचा वास सहन होईना. गावातल्या एकानं पाल्याचा रस दिला तो प्यायले, वीस-पंचवीस दिवस पडून राहिले आणि बरी झाले. घरी फक्त कावीळ झाली म्हणून कळवलं. सुईचं सांगितलं असतं तर वडिलांनी नोकरी सोडायला लावली असती. काही वर्षांनी खात्यातर्फे सगळ्या सिस्टरांना हिपॅटायटिस बीची लस दिली, तेव्हा माझ्याही दंडात तीन डोस गेले. मी ते प्रकरण मनातून काढून टाकलं. तेव्हापासून आजपर्यंत त्याच रोगाची लस मी किती तान्ह्या मुलांच्या मांडीत टोचली, त्याची मोजदाद नाही.

डॉक्टर सावकाश बोलत होते. सिस्टर आहे म्हणून माझ्याशी ते अर्धं इंग्रजीत, अर्धं हैदराबादी हिंदीत बोलायचे. तुमच्या रक्तात आज विषाणू नाही, असं त्यांनी सांगितलं. तुम्ही आजारी नाही, तुमच्यापासून घरात कुणाला धोका नाही. पण एकदा ही कावीळ होऊन गेली की लिव्हरच्या पेशींत त्याचा अंश राहतो. तुमचं शरीर त्याला दाबून ठेवतं. तेच लिव्हर भावाच्या अंगात गेलं आणि त्याची प्रतिकारशक्ती आपण औषधांनी खाली ठेवली, की तो उठू शकतो. तुमची किडनी घेतली असती तर ही भीती फार कमी होती. लिव्हर हे त्याचं घरच आहे. दुसरा दाता असता तर मी तुम्हाला घेतलं नसतं, असंही ते म्हणाले. पण दुसरा नाही. आणि यावर गोळी आहे. रोज एक, जन्मभर, आणि मध्ये मध्ये रक्ताची तपासणी. गोळी नेमानं चालू राहिली तर धोका अगदी थोडा उरतो.

शेवटी त्यांनी दोनदा बजावलं की कुणीही ही गोळी बंद करा म्हणालं, तर आधी मला फोन करायचा.

बाहेर बाकावर भावजय डबा मांडीवर घेऊन बसली होती. तिनं विचारलं, काय म्हणाले. मी म्हणाले, जुळलं, माझं चालतं. ती उठली, डबा बाकावर ठेवला आणि भर वऱ्हांड्यात माझे पाय धरले. मी तिला उठवलं. मनात म्हटलं, बाकीचं सांगू सावकाश.

सावकाश सांगायची वेळ दोन दिवसांनी आली. डॉक्टरांनी आम्हा तिघांना समोर बसवलं. भाऊ खुर्चीत पेंगत होता, मध्येच डोळे उघडायचा आणि छताकडे बघायचा. डॉक्टरांनी सगळं पुन्हा सांगितलं, काहीही लपवलं नाही. पण बोलणं भराभर होतं आणि मधले शब्द इंग्रजी. भावजय सातवी शिकलेली. सगळं कानावर पडूनही तिच्या हाती काही लागलं नव्हतं. तिनं माझ्याकडे बघितलं. डॉक्टरांनीही माझ्याकडे बघितलं आणि विचारलं की यांना नीट कळलं ना? मी म्हणाले, मी सिस्टर आहे, समजावून सांगते.

आणि मी तिला सांगितलं, "एक गोळी जास्तीची लागंल म्हणतात. रोज. इन्फेक्शन होऊ नये म्हणून."

हे खोटं नव्हतं. म्हणूनच ते इतकं सहज बोलता आलं असावं. गरोदर बायकांच्या तपासणीत हीच कावीळ निघाली की त्या घरात काय होतं, ते मी पाहिलेलं होतं. सासू ताट वेगळं करते, नवरा माहेरी पाठवतो. अशा घरांत मी स्वतः जाऊन सांगत आले की बायांनो, ताटानं काही होत नाही. पण माझ्या माहेरी, माझ्याच तोंडानं, माझ्या अंगात हे होतं आणि तेच मी त्याला देतेय, असं मला म्हणता आलं नाही. भीती हीही होती की ती नको म्हणेल. ती नको म्हणाली असती तर तो दोन महिन्यांत गेला असता, असं मी स्वतःला कितीदा तरी सांगितलंय. पण ती नको म्हणाली नसती, हेही मला तेव्हाच माहीत होतं. मला फक्त तिच्या नजरेतून उतरायचं नव्हतं. ज्या नजरेनं तिनं माझे पाय धरले होते, ती मला तशीच हवी होती.

तिनं फॉर्मवर सही केली. भावाचा अंगठा घेतला, कारण त्याला सही जमत नव्हती.

ऑपरेशन झालं. चौथ्या दिवशी काचेच्या खोलीबाहेर मला चाकांच्या खुर्चीवरून नेलं तेव्हा तो शुद्धीवर होता आणि त्याच्या डोळ्यांतलं पांढरं पांढरं दिसत होतं. तीन महिने हैदराबादला खोली घेऊन राहिले ते, मग हदगावला गेले. भावजयीनं गोळ्यांसाठी प्लास्टिकचा खणांचा डबा आणला. सकाळ, दुपार, संध्याकाळ. तिला गोळ्यांची इंग्रजी नावं वाचता येत नव्हती, पण रंग आणि आकार तोंडपाठ होते. दवाखान्याची जाडजूड फाईल तिनं कपाटात नव्या साडीखाली ठेवून दिली. त्या फाईलच्या पहिल्याच कागदावर, इंग्रजीत, मी न सांगितलेलं सगळं लिहिलेलं होतं.

पुढची तीन वर्षं चांगली गेली. त्यानं दुकान उघडलं. वजन उचलायचं नाही म्हणून एक माणूस ठेवला आणि स्वतः वेढे भरू लागला. फोनवर म्हणायचा, "अक्का, तुझं मशीन भारी चालून राहिलं." मुलगी बारावी झाली, लातूरलाच पुढच्या परीक्षेची तयारी करत राहिली. मला वाटायचं की आता सांगावं. मग वाटायचं, सगळं ठीक चाललंय, गोळी तर तो खातोच आहे, कशाला.

तिसऱ्या वर्षाच्या शेवटी दिवाळीनंतर तो मुलीला सोडायला लातूरला आला होता. मी भाकरी थापत होते. तो स्वयंपाकघराच्या दारात पाटावर बसला होता. इकडचं तिकडचं बोलताना म्हणाला, "एक गोळी कमी झाली बरं अक्का." मी म्हणाले, बरं झालं की. ऑपरेशननंतर जसजसे दिवस जातात तसतशी औषधं कमी करतात, हे मला माहीत होतं. मला वाटलं, हैदराबादहून त्यातलीच एखादी कमी केली असेल. कोणती, असं मी विचारलं नाही. तव्यावरची भाकरी उलटली आणि त्याला वाढलं.

ती कमी झाली होती नांदेडला. हैदराबादची चक्कर आता वर्षातून एकदाच होती, मधल्या तपासण्या तो नांदेडच्या एका डॉक्टरांकडे करायचा. ताप आला म्हणून गेला असताना त्यांनी त्याच्या गोळ्या बघितल्या. एक गोळी हिपॅटायटिस बीची दिसली. तुम्हाला ती कावीळ आहे का, असं त्यांनी विचारलं. तो नाही म्हणाला. त्यांनी रक्त तपासलं, तेही नाही म्हणालं. मग ही कशासाठी खाता? त्याला सांगता आलं नाही. इन्फेक्शन होऊ नये म्हणून, एवढंच त्याला ठाऊक होतं. उगीच जास्तीची गोळी नको, असं म्हणून त्यांनी ती खोडली. घरी येऊन भावजयीनं डब्यातला तो रंग काढून टाकला. एक कमी झाली याचा दोघांनाही आनंद झाला होता.

सहा-सात महिन्यांनी त्याच्या तळहातांना खाज सुटली. मग एक दिवस मुलगी त्याच्याशी व्हिडिओवर बोलत होती आणि तिनं मला हाक मारली, आत्या, पप्पांचे डोळे बघ. मी फोन हातात घेतला. तो हसत होता आणि डोळे हळदीसारखे होते.

नांदेडला भरती केलं. तिथं वाटलं की अंग परकं लिव्हर नाकारतंय. असं होतं, आणि पहिला संशय त्याचाच येतो. म्हणून प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांचा डोस वाढवला. दहा दिवस तो डोस चालला. आत जे उठलं होतं त्याला त्यानं आणखी मोकळं रान मिळालं. कावीळ चढत गेली, तेव्हा आम्ही गाडी करून हैदराबादला निघालो.

त्याच डॉक्टरांनी सगळ्या गोळ्या टेबलावर ओतल्या, एकेक बाजूला केली आणि एक गोळी कुठं आहे असं मला विचारलं. त्या वेळी मला कळलं. पाटावर बसून तो कोणत्या गोळीबद्दल बोलत होता, ते त्या वेळी कळलं. रक्त तपासायला पाठवलं तेव्हा मला रिपोर्टची गरज उरली नव्हती. संध्याकाळी तो आला. माझ्या भावाला हिपॅटायटिस बी झाला होता आणि विषाणू इतका वाढला होता की आकडा वाचून मी कागद उलटा ठेवला. गोळी लगेच सुरू केली. पण लिव्हर आता बरंच गेलं होतं, आणि पुन्हा बदलण्याइतकी ताकद त्याच्या अंगात राहिली नव्हती. हे डॉक्टरांनी मला उभ्या उभ्या, लिफ्टपाशी सांगितलं.

भावजय वॉर्डाच्या दाराशी टॉवेल पिळत होती. तिनं विचारलं, काय म्हणाले.

या वेळी मी सगळं सांगितलं. सुई, किनवट, पिवळी लघवी, रेघ मारलेली ओळ, गोळी कशासाठी होती ते. सांगताना तिच्या तोंडाकडे बघायचं टाळलं नाही. ती टॉवेलाच्या घड्या घालत राहिली. पूर्ण घडी झाली, तिनं तो मोकळा केला आणि पुन्हा घातली.

"तवा का न्हाई सांगितलं?" ती म्हणाली.

मी टॉवेल घ्यायला हात पुढे केला. तिनं दिला नाही.

"मला विंग्रजी वाचता येत न्हाई, पर मी कुनाकडून लिवून घेतलं असतं. भिताडाला चिटकवलं असतं. त्या डॉक्टरला म्हनले असते, हात लावू नका ह्या गोळीला." तिचा आवाज चढला नव्हता. "मी एक दिवस चुकवली न्हाई वो. तीन वरसं."

ते खरं होतं. तिनं एकही दिवस चुकवला नव्हता.

भावाला मी दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलं. तो त्या दिवशी बऱ्यापैकी शुद्धीवर होता. ऐकून घेतलं आणि डोळे मिटले. मला वाटलं, झोप लागली. तेवढ्यात तो म्हणाला, "सांगितलं असतंस तरी मी तुझंच घेतलं असतं अक्का." आणि थोडा दम खाऊन म्हणाला, "घेतलं असतं, अन् गोळी बी खाल्ली असती."

त्यानं रागानं म्हटलं नव्हतं. त्यानं रागानं म्हटलं असतं तर मला काहीतरी धरायला मिळालं असतं.

हैदराबादहून नांदेडला आणलं, घराच्या जवळ राहील म्हणून. पाच आठवडे तो होता. शेवटच्या आठवड्यात ओळख गेली. चादरीवर बोटं गोल गोल फिरवायचा, वेढा घालावा तशी, आणि ओठ हलायचे. गुरुवारी दुपारी मी त्याची चादर बदलत असताना त्याचा श्वास थांबला. इतक्या माणसांचे शेवटचे श्वास मी बघितलेत, तरी मी त्याचं नाक आणि छाती तीनदा तपासली.

आमच्यात जाळत नाहीत. शेतात खड्डा घेतला, विधी करायला जंगम आले, त्याला मांडी घालून बसवलं, कपाळाला विभूती लावली, मांडीवर बेलाची पानं ठेवली. सगळ्यांनी मूठमूठ माती टाकली. माझी पाळी आली तेव्हा मनात आलं की माझ्याच अंगाचा एक भाग आता या मातीखाली जातोय. तोच भाग त्याला तीन वर्षं घेऊन चालला होता आणि त्याच्यातच त्याचं मरण बसलेलं होतं. मूठ उघडायला मला वेळ लागला. मागून कुणीतरी माझा खांदा धरून मला बाजूला घेतलं.

महिनाभरानं मी नांदेडच्या त्या डॉक्टरांकडे गेले. भांडायला गेले होते, हे कबूल करते. नंबर लावून बसले आणि आत गेल्यावर भावाचं नाव सांगितलं. तो गेल्याचं त्यांना माहीत नव्हतं. कशानं गेला ते ऐकल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि डोळ्यांवर हात धरून बसले. ते म्हणाले की मी विचारलं होतं हो त्यांना, गोळी कशासाठी म्हणून. एक कागद दाखवला असता, एक शब्द सांगितला असता. मी म्हणाले, तुम्ही हैदराबादला फोन करायला हवा होता. ते म्हणाले, हो, करायला हवा होता. मग आवाज न बदलता त्यांनी मला विचारलं, "तुम्हाला माहीत होतं ना, सिस्टर?"

मी हो म्हणाले आणि उठून आले.

भावजयीची तपासणी करणं गरजेचं होतं. नवऱ्याला ती कावीळ झालेली, त्याचं सगळं हातानं केलेलं. हे मला तिला सांगायचं होतं आणि सांगता येत नव्हतं, म्हणून मुलीच्या हाती निरोप धाडला. रिपोर्ट चांगला आला. आता लस घ्यायची होती. मी म्हणाले की मी येऊन देते, सवयीचा हात आहे. तिनं निरोप पाठवला की येऊ नका, इथल्या सरकारी दवाखान्यात घेते. तिन्ही डोस तिनं तिथंच घेतले. मुलगी पुढच्या महिन्यात क्लासजवळच्या वसतिगृहात राहायला गेली. जाताना म्हणाली, आत्या, तिथून क्लास जवळ पडतो. मी तिच्या डब्यात लाडू भरून दिले.

नवरा म्हणतो, तू त्याला तीन वर्षं दिलीस. गोळी तू बंद केली नाहीस. तो चांगला माणूस आहे, माझ्यासाठीच म्हणतो. मी ऐकून घेते. माझे रिपोर्ट दरवर्षी चांगले येतात. कापून दिलेल्या जागी लिव्हर पुन्हा वाढलंय, पुरतं, असं सोनोग्राफीवाले सांगतात. हे सांगताना ते खूश असतात.

मायला काही ठाऊक नाही. भावजयीनंही तिला सांगितलेलं नाही. का नाही सांगितलं ते मी तिला विचारलं नाही, आणि ती माझ्याशी लागेल तेवढंच बोलते. गेल्या महिन्यात मी हदगावला गेले होते. शेजारच्या दोघी बायका बसायला आल्या होत्या. माय त्यांना माझ्याकडे बोट दाखवून सांगत होती की माझ्या लेकरानं आपलं काळीज कापून भावाला दिलं, अशी भन कुनाला मिळती? बायका माझ्याकडे बघू लागल्या. आत ज्वारी निवडणाऱ्या भावजयीच्या सुपाचा आवाज थांबला. मला वाटलं, आता ती बाहेर येईल आणि बोलेल. बोलली असती तर बरं झालं असतं. थोड्या वेळानं सूप पुन्हा वाजायला लागलं.

मायनं माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "तू व्हतीस म्हनून त्यो एवढे दिस जगला."

"हाव," मी म्हणाले.